जवळची शाळा कुणाच्या जवळ?

२०००-०१ या शैक्षणिक वर्षासाठी सिअ‍ॅटलमधल्या आठवीच्या मुलांनी प्रवेश अर्ज भरले, तेव्हा शहरात नववी ते बारावीची दहा सार्वजनिक हायस्कूलं होती. मूल कुठल्याही भागात राहत असलं तरी यांतल्या कुठल्याही शाळेचं नाव त्याला पसंतीक्रमात टाकता येत होतं. उड्या पडल्या त्या पाच शाळांवर: बॅलार्ड, रूझवेल्ट, नेथन हेल, गारफिल्ड आणि फ्रँकलिन. नववीत जाणाऱ्या शंभरातल्या ब्याऐंशी मुलांची पहिली पसंती या पाचांपैकीच एक होती. जागा कमी, अर्ज जास्त. अशा वेळी कुणाला घ्यायचं याचे चार निकष ओळीनं ठरलेले होते. शाळेत भावंड शिकतंय का. या मुलाच्या येण्यानं शाळेतलं गोऱ्या-बिगरगोऱ्या मुलांचं प्रमाण शहराच्या प्रमाणाजवळ सरकतं का. घर शाळेपासून किती लांब आहे. आणि एवढं करूनही दोन मुलं बरोबरीत राहिली, तर सोडत.

सोडतीची वेळ जवळजवळ कधी येतच नसे. तिसऱ्या निकषासाठी अंतर मोजलं जाई ते मैलाच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे सोळा मीटरपर्यंत. रस्त्याच्या या बाजूच्या घरातलं मूल आत आणि समोरच्या घरातलं बाहेर, इतकी बारीक मोजणी. नशिबाला वाव उरत नव्हता. घराचा पत्ता निकाल देऊन मोकळा होई. आणि सिअ‍ॅटलमध्ये कुणाचा पत्ता कुठला असावा हे त्या मुलांच्या आजी-आजोबांच्या काळातच ठरवून ठेवलेलं होतं. म्हणून या शहरातल्या शाळाप्रवेशाची गोष्ट शाळेपासून सुरू करून भागत नाही, ती खरेदीखतांपासून सुरू करावी लागते.

सिअ‍ॅटल हे पाण्यानं आवळलेलं शहर. पश्चिमेला प्युजेट साउंडची खाडी, पूर्वेला लेक वॉशिंग्टन, आणि मधून उत्तर-दक्षिण असे दोन भाग करणारा जहाजांचा कालवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कालव्याच्या उत्तरेला आणि टेकड्यांवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या खरेदीखतांत एक कलम सर्रास घातलं जाई: ही मिळकत गोऱ्या वंशाच्या व्यक्तीखेरीज कुणाला विकू नये, भाड्यानं देऊ नये, कुणाला इथे राहू देऊ नये. अपवाद एकच, घरात कामाला ठेवलेले नोकर. विमानांच्या कारखान्यामुळे जगाला माहीत असलेल्या विल्यम बोइंग यांनी विकसित केलेल्या ब्लू रिज वसाहतीच्या कागदपत्रांतही हे कलम होतं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही असा निर्णय दिला. कागदावरची शाई मात्र तशीच राहिली आणि दलाल, बँका, शेजारी तिला मान देत राहिले. १९६४ मध्ये घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी घालणारा प्रस्ताव सिअ‍ॅटलच्या मतदारांपुढे आला, तो त्यांनी मोठ्या फरकानं फेटाळला. तसा कायदा झाला तो एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर.

या सगळ्याचा परिणाम म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबं शहराच्या मध्यावरच्या एका पट्ट्यात कोंडली गेली. या पट्ट्याला सेंट्रल डिस्ट्रिक्ट म्हणतात आणि त्याचं हायस्कूल गारफिल्ड. एके काळी या शाळेच्या बाकांवर ज्यू, इटालियन, जपानी, चिनी आणि कृष्णवर्णीय मुलं शेजारी-शेजारी बसत. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या मुलांना कुटुंबांसकट छावण्यांत पाठवलं गेलं आणि वर्गांतली बाकं अचानक रिकामी झाली. संगीतकार क्विन्सी जोन्स इथूनच शिकून बाहेर पडला, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही या शाळेत काही काळ होता. साठच्या दशकात गारफिल्डमध्ये निम्म्याहून अधिक विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, तर कालव्याच्या उत्तरेच्या शाळांमध्ये एखादं कृष्णवर्णीय मूल शोधावं लागे. प्रत्येक मूल आपापल्या वस्तीतल्या शाळेत जात होतं. वरवर पाहता यात अन्याय कुठेच दिसत नव्हता, आणि म्हणूनच तो उपटून काढणं इतकं अवघड गेलं.

१९६३ मध्ये शालेय प्रशासनानं स्वेच्छेनं शाळा बदलण्याची योजना काढली. व्यवहारात तिचा अर्थ असा झाला, की कृष्णवर्णीय मुलांनी सकाळी लवकर उठून उत्तरेच्या बसमध्ये बसायचं. उलट दिशेनं जाणारी मुलं मोजकीच. ३१ मार्च आणि १ एप्रिल १९६६ या दोन दिवशी नागरी हक्क संघटनांनी शाळांवर बहिष्कार पुकारला. हजारो मुलं शाळेत न जाता चर्चच्या आणि सामाजिक संस्थांच्या सभागृहांत भरलेल्या ‘स्वातंत्र्य शाळां’त बसली आणि पाठ्यपुस्तकांत न सापडणारा स्वतःच्या समाजाचा इतिहास शिकली. त्यांत गोरी मुलंही होती.

पुढच्या दशकात बॉस्टनसारख्या शहरांमध्ये न्यायालयाच्या हुकमानं शाळा एकत्र केल्या जात होत्या आणि रस्त्यावर बसगाड्यांवर दगड पडत होते. सिअ‍ॅटलनं ती वेळ येऊ दिली नाही. निवडून आलेल्या शाळा मंडळानं डिसेंबर १९७७ मध्ये आपण होऊन योजना मंजूर केली आणि १९७८ च्या सप्टेंबरात ती सुरू केली. न्यायालयाच्या आदेशाशिवाय सक्तीची एकत्रीकरण योजना राबवणारं हे अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. उत्तरेची एक आणि दक्षिणेची एक अशा प्राथमिक शाळांच्या जोड्या लावल्या. काही इयत्ता एकीकडे, काही दुसरीकडे, आणि मुलांची ने-आण बसनं. या धाडसाचं श्रेय त्या मंडळाला पुरेपूर द्यायला हवं. निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसांनी मतदारांना न आवडणारी गोष्ट न्यायालयानं भाग पाडलं नसताना केली, असं राजकारणात फार वेळा घडत नाही.

मतदारांचं उत्तर दोन महिन्यांतच आलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्यभर सार्वमत झालं आणि मुलांना घराजवळच्या शाळेपासून लांब पाठवायला बंदी करणारा प्रस्ताव सुमारे ६६ टक्के मतांनी मंजूर झाला. सिअ‍ॅटल शहरातही ६१ टक्के लोक त्याच्या बाजूनं होते. ‘नेबरहुड स्कूल’ हे शब्द त्या प्रचारात इतक्यांदा उच्चारले गेले, की जणू शाळांच्या हद्दी देवानं आखून दिल्या होत्या. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला, पण तोवर दुसरं काहीतरी घडून गेलं होतं. शाळांची पटसंख्या ओसरत चालली होती. साठच्या दशकाच्या आरंभी सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक शाळांत जवळजवळ एक लाख मुलं होती; ऐंशीच्या दशकात निम्मीसुद्धा उरली नाहीत. जन्मदर घटला, कुटुंबं उपनगरांत गेली, खासगी शाळांकडे वळली. बसयोजनेमुळे किती गेली आणि तिच्याशिवायही किती गेली असती, यावर शहरात आजही वाद होतात. १९८१ मध्ये दोन जुनी हायस्कूलं बंद झाली: क्वीन अ‍ॅन टेकडीवरचं १९०९ चं आणि वॉलिंगफर्डमधलं लिंकन. क्वीन अ‍ॅनच्या इमारतीत पुढे फ्लॅट झाले. लिंकनची इमारत प्रशासनानं हातात ठेवली. तिचा उपयोग पुढे फार झाला.

१९८९ च्या निवडणुकीत शहराची द्विधा अवस्था स्पष्ट दिसली. सक्तीच्या बससेवेविरुद्धचा प्रस्ताव मतदारांनी जेमतेम मंजूर केला आणि त्याच दिवशी, त्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्या नॉर्म राइस यांना शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून दिलं.

सक्ती संपवली ती जॉन स्टॅनफर्ड यांनी. लष्करातून मेजर जनरल म्हणून निवृत्त झालेले स्टॅनफर्ड १९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या शाळांचे अधीक्षक झाले. त्या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्यापेक्षा त्यांच्या वस्तीतली शाळा सुधारावी, असं कृष्णवर्णीय पालकांतल्या अनेकांनाही तोवर वाटू लागलं होतं. स्टॅनफर्ड यांनी पैशाचा हिशेब बदलला. निधी मुलामागे जाईल, आणि गरीब किंवा इंग्रजी नवीन असलेल्या मुलामागे जास्त जाईल. प्राथमिक शाळांसाठी घराजवळच्या मुलांना पुन्हा प्राधान्य मिळालं आणि हायस्कूलसाठी सगळं शहर खुलं झालं. १९९८ च्या नोव्हेंबरात ल्युकेमियानं स्टॅनफर्ड यांचा मृत्यू झाला. त्यांची योजना तेव्हा नुकतीच कुठे रुजत होती.

शहर खुलं झालं तसा शाळांचा बाजारभाव ठरू लागला. बॅलार्डची नवी कोरी इमारत १९९९ मध्ये उघडली, नवे अभ्यासक्रम आले, आणि तीच शाळा सगळ्यांना हवीशी झाली. उलट शहराच्या आग्नेय टोकाच्या रेनियर बीच शाळेकडे तिच्या हद्दीतली कुटुंबंही पाठ फिरवू लागली. पोराला उत्तरेला पाठवायचं तर पहाटे उठायचं, महापालिकेची बस बदलत जायचं, संध्याकाळी खेळ किंवा वाद्यवृंद असेल तर अंधारात परतायचं. ज्या घरात कुणाला तरी एवढी ओढाताण जमण्यासारखी होती, त्या घरातलं मूल गेलं. बाकीची राहिली, आणि पट घटला तशी त्यांच्या शाळेतली शिक्षकसंख्या आणि विषयही आटत गेले.

क्वीन अ‍ॅन आणि मॅग्नोलिया या गोऱ्या, सुखवस्तू वस्त्यांची अडचण वेगळी होती. त्यांचं स्वतःचं हायस्कूल बंद होऊन वीस वर्षं झाली होती. हव्याहव्याशा शाळांपैकी जवळची म्हणजे बॅलार्ड, पण तिथे वंशाचा निकष आड येई. शहरातली सुमारे ४१ टक्के मुलं गोरी आणि ५९ टक्के बिगरगोरी. या प्रमाणापासून शाळा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की तो निकष लागू होई. २०००-०१ मध्ये त्यामुळे बॅलार्डमध्ये १०७ जास्त बिगरगोऱ्या मुलांना प्रवेश मिळाला. दक्षिणेच्या फ्रँकलिनमध्ये त्याच निकषानं ८९ जास्त गोरी मुलं आली, ही बाजू वादाच्या भरात फारशी कुणी सांगितली नाही. नाराज पालकांनी संघटना काढली आणि न्यायालयात धाव घेतली. शेवटी हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं, की पसंतीक्रमात नसलेल्या आणि एरवी वाट्याला न आलेल्या शाळेत या निकषामुळे जावं लागलेली मुलं त्या वर्षी फक्त ५२ होती.

बावन्न हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला गेला. इतक्या थोड्या मुलांना त्रास होतो, तर बिघडलं काय, असं प्रशासन म्हणत होतं. इतकाच परिणाम होणार असेल, तर मुलांना वंशावरून वेगळं काढायचंच कशाला, असं सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विचारलं. २८ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सिअ‍ॅटलची पद्धत घटनाबाह्य ठरवली. पाचवं मत न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं. त्यांनी निकाल मान्य केला, पण स्वतंत्र निकालपत्रात एक दार उघडं ठेवलं. एकेका मुलाचा वंश बघून त्याला प्रवेश देऊ नका. मात्र नवी शाळा कुठे बांधायची आणि शाळांच्या हद्दी कुठून आखायच्या हे ठरवताना वस्त्यांचं स्वरूप लक्षात घ्यायला हरकत नाही. म्हणजे निकष गेला तरी नकाशा आणि पेन्सिल शाळा मंडळाच्या हातात राहिली. या निकालपत्रांतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, आणि सिअ‍ॅटलनं त्याचा लाभ फारच थोडा घेतला.

देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कनं याच सुमारास अगदी उलट वाट धरली होती. तिथे आठवीची नव्वद हजारांच्या आसपास मुलं पाच शाळांची नावं लिहीत आणि त्यांतल्या तीस हजारांच्या वाट्याला यादीत नसलेली शाळा येई. २००३ पासून अल्विन रॉथ, अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी आखून दिलेली पद्धत सुरू झाली: बारा पसंती, आणि त्यांची शाळांच्या प्राधान्यांशी संगणकानं घातलेली सांगड. यादीबाहेर फेकली जाणारी मुलं पहिल्याच वर्षी तीन हजारांवर आली. रॉथ यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं त्यामागे हेही काम होतं. पण ज्या शाळा गुण बघत नाहीत, तिथे निर्णय करणार सोडतच. प्रत्येक मुलाला शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरांनी बनलेला बत्तीस खुणांचा क्रमांक मिळतो. तो शून्यानं सुरू झाला तर नशीब जोरावर, एफनं सुरू झाला तर मागे. हा क्रमांक अस्तित्वात आहे हेच बरीच वर्षं घरोघरी माहीत नव्हतं. काही पालकांनी माहितीच्या अधिकाराखाली तो मागवून त्याचा अर्थ लावला, आणि २०२२ पासून प्रशासन स्वतःहून तो कुटुंबांना दाखवू लागलं. सोडत निष्पक्ष असते हे खरं, पण आपली चिठ्ठी कशी वाचायची हे आधी कळणाऱ्या घराला यादी शहाणपणानं भरता येते. बारा शाळा हिंडून बघायला रजा कुणाला मिळते, हाही प्रश्न आहेच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे आपल्याकडचा एक प्रयत्न आठवेल. सिअ‍ॅटलमध्ये बहिष्कार झाला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारतात कोठारी आयोगाचा अहवाल सादर झाला. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. श्रीमंत-गरीब, सगळ्या जातीधर्मांची मुलं आपल्या परिसरातल्या एकाच शाळेत शिकावीत, अशी ‘शेजारशाळे’ची शिफारस त्या अहवालात आहे. सिअ‍ॅटलमध्ये जी कल्पना भेद टिकवण्यासाठी पुढे केली जात होती, तीच इथे भेद मोडण्यासाठी मांडली गेली. कारण साधं आहे: एकाच गल्लीत बंगला आणि झोपडी असेल तर जवळची शाळा दोघांना एकत्र आणते, गल्ल्याच वेगळ्या केलेल्या असतील तर ती त्यांना वेगळंच ठेवते. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांची सोडत आणि तिच्यासोबतची एक आणि तीन किलोमीटरची अट या दोन्ही कल्पनांच्या मधोमध उभी आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, तेव्हा ‘जवळची शाळा’ हाच गरीब मुलाला बाहेर ठेवण्याचा आधार बनला. मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम त्याच वर्षी जुलैत रद्द केला, हे बरं झालं.

सिअ‍ॅटलच्या शाळा मंडळानं नोव्हेंबर २००९ मध्ये नव्या हद्दी मंजूर केल्या आणि २०१० पासून मुलं पुन्हा घराच्या पत्त्यावरून हायस्कूलला जाऊ लागली. नववीत जाणाऱ्या मुलाला आपली शाळा आधीच माहीत असणार, प्रतीक्षा यादीची धाकधूक नाही, बसचा खर्च कमी. ही सोय खरी होती आणि अनेक घरांनी सुटकेचा श्वास सोडला. हद्दीबाहेरच्या मुलांसाठी प्रत्येक शाळेत १० टक्के जागा राखल्या गेल्या आणि तिथे सोडत आली. ज्या शहरात सोडत केवळ नियमावलीत होती, तिथे ती प्रत्यक्ष होऊ लागली, पण एवढ्याशा कोपऱ्यात.

क्वीन अ‍ॅन आणि मॅग्नोलिया यांना हवी असलेली बॅलार्ड मिळाली. बॅलार्डच्या उत्तरेकडचा काही भाग मात्र इंग्राहम या दुसऱ्या हायस्कूलच्या हद्दीत गेला आणि तिथल्या पालकांनी सभा गाजवल्या. गारफिल्डमध्ये काही वर्षांतच जागा अपुरी पडू लागली. रेनियर बीचचा पट तेव्हा चारशेच्या आसपास होता. वस्तीची मुलं वस्तीच्या शाळेला बांधली म्हणून शाळा आपोआप भरत नाही, हे तिथे दिसलं. शाळेला वळण लागलं ते पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी नेट लावून इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम मागून घेतला तेव्हा. तो सुरू झाला आणि बारावी पार करणाऱ्यांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत ठळकपणे वाढलं. त्या अभ्यासक्रमाच्या निधीसाठी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा मंडळापुढे उभं राहावं लागलं. उत्तरेच्या शाळांना अशी अर्जविनंती क्वचितच करावी लागत असे, आणि हा फरक कुठल्याही प्रवेशपद्धतीनं मिटलेला नाही.

लिंकनची इमारत दरम्यान शाळांचं संक्रमण शिबिर होऊन गेली होती. १९९७ ते १९९९ बॅलार्डची मुलं, २००४ ते २००६ रूझवेल्टची, २००६ ते २००८ गारफिल्डची. आपल्या इमारतीचं काम चालू असताना तिन्ही शाळा इथे मुक्कामाला होत्या. उत्तरेत मुलांची संख्या वाढत गेली, तसं हे बंद हायस्कूल पुन्हा उघडायचं ठरलं. २०१८ मध्ये नवा नकाशा झाला आणि २०१९ मध्ये नववी-दहावीच्या वर्गांनी लिंकन अडतीस वर्षांनंतर सुरू झालं. वॉलिंगफर्ड आणि फ्रीमाँट यांच्यासोबत मॅग्नोलिया आणि क्वीन अ‍ॅनही या हद्दीत टाकले गेले. बॅलार्डसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वस्त्यांतली मुलं आता कालवा ओलांडून लिंकनला जाऊ लागली. या वेळी खटला झाला नाही. पालक शाळा मंडळाच्या सभांना आले, हद्दीच्या रेषा कुठल्या रस्त्यावरून जातात हे मोठ्या नकाशावर बोट ठेवून बघितलं, आणि आपली गल्ली कुठे पडते ते शोधलं.